बाहेरचा मजूर आणि आपली मजुरी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात मुलचेरा येथे केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी मला 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले होते. त्या विषयावर या व्यासपीठावरून दरवर्षी कोणी ना कोणी बोलतो, आपण दरवर्षी मान डोलावता आणि घरी जाता. तेव्हा चिटणीसांची माफी मागून मी आज मजुरीविषयी बोलणार आहे. शिक्षणाचा विषय त्यात आपोआप येईल.

दिवाळीनंतर दहावीतला एक विद्यार्थी मला बाजाराच्या वाटेवर भेटला. त्याचा थोरला भाऊ कोनसरीच्या लोखंडाच्या कारखान्यात काम मिळावे म्हणून चकरा मारीत होता. मुलगा म्हणाला, "सर, बाहेरचे लोक येतात म्हणून आपल्याला काम मिळत नाही, आणि मिळालेच तर मजुरी कमी मिळते. सगळे असेच म्हणतात. खरे आहे का?" मी त्याला तेथल्या तेथे उत्तर देऊ शकलो नाही. मास्तरकीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण तसे झाले खरे. आजचे बोलणे म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे. तो आज सभेत बसला आहे, असे मला दिसते.

आधी हे पाहू या की बाहेरचा म्हणजे कोण. येथे बसलेल्यांपैकी कोणाचे पणजोबा कामठीहून आले, कोणाचे हैदराबाद संस्थानातून गोदावरी-प्राणहिता ओलांडून आले, तर कोणी बल्लारपूरला पेपर मिल निघाली तेव्हा आले. कामठीच्या मोमीन विणकरांची कथा आपणांस ठाऊक असेल. १८५७ च्या उठावानंतरच्या काळात अवध, आझमगड, बनारस या बाजूचे विणकर पोटासाठी दक्षिणेकडे निघाले आणि कामठी, मालेगाव, भिवंडी येथे हातमाग मांडून बसले. त्यांच्या येण्याने इथल्या कोष्टी आणि महार विणकरांचा धंदा बुडाला असे कोणाला वाटले असल्यास नवल नाही, कारण डोळ्यांना माणूस दिसतो. पण विदर्भातल्या हातमागाला खरा धक्का बसला तो गिरणीच्या सुताकापडाचा. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, आणि विलायती कापड त्याच्याही आधीपासून येत होते. गिरणीपुढे बाहेरून आलेला विणकर आणि गावचा विणकर दोघेही सारखेच हतबल होते. मजुरी घसरली की आपण शेजारच्या झोपडीकडे पाहतो, घसरण मात्र पुष्कळदा लांबून येते, हे मनात ठेवावे.

आता आपल्या तालुक्याकडे या. गावांची नावे मनातल्या मनात वाचा: सुंदरनगर, विवेकानंदपूर, गांधीनगर, भवानीपूर, शांतिग्राम, देशबंधुग्राम, खुदिरामपल्ली. ही नावे गोंडी नाहीत, मराठीही नाहीत. पूर्व पाकिस्तानातून जे हिंदू निर्वासित आले, त्यात नामशूद्र समाजाचे शेतकरी व मासेमार पुष्कळ होते. १९६४ च्या जानेवारीत खुलना, ढाका या भागांत दंगे झाले, इकडे कलकत्त्यातही झाले, आणि त्यानंतर माणसांचे लोंढे सुरू झाले. रायपूरजवळच्या माना छावणीत त्यांना ठेवीत आणि तेथून दंडकारण्यात, म्हणजे बस्तर, कोरापुटकडे पाठवीत. दंडकारण्य प्रकल्प १९५८ चा. त्याच धर्तीवर तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही वसाहती झाल्या. जंगल तोडून जमीन काढली, गावे आखली, घरटी शेत दिले. दंग्यात ज्याचे घर गेले त्याला धर्म विचारून दुःख कमी-जास्त होत नाही, एवढेच त्याबाबत बोलतो आणि पुढे जातो.

मी तेव्हा लहान होतो. अब्बा आठवडी बाजारात बांगड्यांचे दुकान मांडीत. दुकान म्हणजे काय, तर एक तरट, दोन पेट्या आणि वर फाटकी ताडपत्री. पहिल्या वर्षी निर्वासित बाया दुकानासमोर उभ्या राहत, काचेच्या बांगड्या हातात घेत आणि परत ठेवीत. त्यांना शंखाच्या पांढऱ्या बांगड्या हव्या असत, सवाष्णीच्या. अब्बांनी अशा बांगड्या जन्मात विकल्या नव्हत्या. छावणीत येणाऱ्या एका दुकानदाराला गाठून त्यांनी पत्ता मिळविला आणि थोडा माल मागविला. तो माल एका बाजारात संपला. पुढे अब्बा मोडकेतोडके बंगाली बोलू लागले, आणि आमच्या घरात दर बाजाराच्या दिवशी मासळी येऊ लागली. माझी मॅट्रिकची फी त्याच पांढऱ्या बांगड्यांतून भरली गेली, असे अम्मी सांगत असे.

ही घरगुती गोष्ट सांगण्याचे कारण असे, की काम म्हणजे टोपलीतल्या मोजक्या भाकरी आहेत असे समजून आपण हिशेब करतो. खाणारा एक वाढला की आपली एक भाकरी कमी, असे आपले गणित. पण आलेला माणूस नुसता खात नाही. तो पेरतो, विकतो, कपडा शिवतो, चप्पल घेतो, मुलाला शाळेत घालतो. बंगाली दादांनी बांध्यांत पाणी अडवून दुसरे धानपीक घेतले, घरामागे भाजी लावली, तळी खणून मासे पाळले. पुढे दिना नदीच्या धरणाचे पाणी या बाजूला आले तेव्हा ते वापरण्याची रीत त्यांच्या हाताला आधीच होती. दुसरे पीक म्हणजे दुसरी रोवणी, दुसरी कापणी. जेथे पावसाळ्यानंतर मजुराला जंगलावाचून दुसरे काम नसे, तेथे उन्हाळ्यातही कोणीतरी रोवणीला बोलावू लागले.

पण मित्रहो, सगळे गोडच झाले असे सांगून मी आपली फसवणूक करणार नाही. सुरुवातीच्या दिवसांत, शेत पिकत नव्हते तोवर, हीच माणसे मिळेल त्या मजुरीवर मातीकाम करीत. आपल्या बाजूच्या मजुरांना तेव्हा ते खुपले, आणि ते खुपणे खोटे नव्हते. भुकेला माणूस भाव करीत नाही, आणि त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्याचाही भाव त्याच्यामुळे पडतो. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. ज्या जंगलात या वसाहती झाल्या, त्या जंगलावर गोंड-माडिया समाज पिढ्यान्‌पिढ्या जगत होता. मोहफूल, डिंक, तेंदू, शिकार, फिरती शेती, सगळे तेथेच. आम्ही जागा देतो आहोत, तुमची संमती आहे का, असे त्यांना कोणी विचारले नाही. मजुरीचा हिशेब करताना हा खर्च कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही. निर्वासिताने तो केला नाही, पण त्याच्या येण्यामुळे तो झाला, हे मान्य केलेच पाहिजे.

एकंदरीत पाहता मी असे समजतो, की मुलचेऱ्यात बंगाली माणूस आला तेव्हा काही वर्षे मजुरीवर दाब आला, आणि तो उतरला याचे मुख्य कारण त्याला जमीन मिळाली हे होते. ज्याच्या पायाखाली स्वतःचे शेत आहे, तो पडेल भावात दुसऱ्याच्या बांधावर जात नाही. उलट चार वर्षांनी तोच दुसऱ्याला रोवणीला बोलावतो.

आता मी दुसऱ्या प्रकारच्या येण्याविषयी सांगतो. यात माझाही हात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९७८ चा उन्हाळा. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो आणि सुटीत तेंदूपत्त्याच्या फळीवर मुन्शी म्हणून राहिलो. १९६९ च्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या ताब्यात आलेला होता. सरकार एकेक घटक ठेकेदाराला देई, आणि तोडणीचा दरही ठरवून देई. मुन्शीचे काम सोपे: बायामाणसे पहाटे जंगलात जात, पाने तोडून आणीत, घरी बसून सत्तर पानांचे पुडके बांधीत आणि संध्याकाळी फळीवर मोजायला येत. मी मोजीत असे आणि वहीत शेकड्यांत लिहीत असे. मात्र शंभर पुडक्यांमागे चार-पाच पुडके जास्तीचे घ्यायचे, ते वहीत येत नसत. पाने खराब निघतात, ही त्याची सबब. मला हे पहिल्याच दिवशी सांगण्यात आले आणि मी पहिल्याच दिवसापासून तसे करू लागलो.

गावाला हे कळत नव्हते असे नाही. त्या वर्षी बायांनी एक दिवस पुडके खाली ठेवले आणि म्हणाल्या, शंभराला शंभरच देऊ. दोन दिवस फळी बंद राहिली. तिसऱ्या दिवशी दोन ट्रक आले. राज्याच्या सीमेपलीकडून माणसे आणली होती, बायका, पोरे, भांडी, सगळे बरोबर. त्यांना नाल्याच्या काठी झोपड्या बांधून दिल्या. त्यांनी कसलाही भाव केला नाही. शंभराला एकशे पाच दिले, एकशे आठही दिले. चौथ्या दिवशी गावातल्या बाया आपोआप परत आल्या, आणि पुन्हा जास्तीचे पुडके देऊ लागल्या.

गावाने काढायचा तो अर्थ काढला: बाहेरच्यांनी आपले कंबरडे मोडले. एका रात्री काही पोरे नाल्यावर गेली आणि त्यांनी झोपड्यांतल्या चुली व मडकी फोडली. सकाळी मी तेथे गेलो तेव्हा एक म्हातारी मातीत सांडलेले तांदूळ वेचीत बसली होती.

त्या सगळ्या प्रकारात एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. त्या माणसांची वही वेगळी होती, आणि ती माझ्याच काखेत असे. ट्रकमध्ये बसण्याआधीच मुकादमाने प्रत्येक घराला उचल दिलेली होती. त्या उचलीत ट्रकचे भाडे धरलेले, रोजचे तांदूळ आणि मीठ बाजारापेक्षा चढ्या भावाने धरलेले. हंगाम संपल्यावर हिशेब. सरकारी दर त्यांनाही कागदावर तोच होता, पण हातात काय येणार ते वहीत दिसत होते. काही घरांच्या नावावर हंगाम संपतानाही बाकी निघत होती. ही माणसे कमी मजुरीला राजी होती असे नव्हे. त्यांना नाही म्हणण्याची सोयच ठेवलेली नव्हती. मी ती वही गावाच्या चावडीवर उघडून दाखविली असती तर मडकी फुटली नसती, असे मला आज वाटते. तेव्हा मी काही बोललो नाही. महिन्याचा पगार घेतला आणि कॉलेजात परत गेलो. त्या पगारातून घेतलेले अर्थशास्त्राचे पुस्तक अजून माझ्याकडे आहे.

तर, बाळा, तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे आहे. माणसे किती आली यापेक्षा ती कोणत्या अटीवर आली हे आधी पाहावे. मोकळ्या पायांनी आलेला मजूर आपल्यासारखाच भाव करतो. उचलीत बांधून आणलेला मजूर भाव करू शकत नाही, आणि मग त्याच्या शेजारी काम करणाऱ्या आपल्यालाही तो करता येत नाही.

याचा उलटा दाखला आपल्याच जुन्या जिल्ह्यात आहे. बल्लारपूर, घुग्गुस, माजरी येथील कोळशाच्या खाणींत कितीतरी प्रांतांची माणसे आली: तेलुगू, छत्तीसगडी, उत्तर प्रदेशी, बिहारी. १ मे १९७३ रोजी या खाणी सरकारी मालकीच्या झाल्या, आणि १ जानेवारी १९७५ पासून देशभरच्या कोळसा कामगारांना एकच वेतन करार लागू झाला. त्यानंतर कायम कामगारांत मराठी माणसाचा पगार वेगळा आणि बिहारी माणसाचा वेगळा, असा प्रकारच उरला नाही. दोघांची श्रेणी एक, भविष्य निर्वाह निधी एक, युनियनही पुष्कळदा एक. बिहारी कामगाराला स्वस्तात ठेवून मराठी कामगाराचा पगार पाडायचा, ही युक्ती तेथे चालेना. पुढे जेव्हा खाणीतली कामे ठेक्याने देणे वाढले, तेव्हा त्याच खाणीत, त्याच मातीवर, कराराबाहेरचा मजूर पुन्हा दिसू लागला. माणसे तीच आहेत, फरक आहे तो कागदाचा.

मुंबईच्या गिरण्यांचेही थोडक्यात सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो मोडला, गिरण्या बसत गेल्या. पण लोकांनी कापड वापरणे काही सोडले नाही. विणकामाचा ओघ भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे आधीच वळू लागला होता, तो वाढला. तेथे बारा-बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी आणि हजेरीपत्रकावर नाव नाही. गिरणीत कोकणातून आलेला माणूस होता, यंत्रमागावर उत्तरेतून आलेला. दोघेही बाहेरचेच. एकाच्या मागे कायदा उभा होता, दुसऱ्याच्या मागे नव्हता.

आता थोडे परदेशात जाऊ, कारण या प्रश्नावर तिकडे विद्वानांची लढाई झाली आहे आणि तिच्यात आपल्या मुलांसाठी एक गोष्ट आहे. १९८० साली एप्रिल ते ऑक्टोबर या काळात क्युबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसे बोटींनी अमेरिकेत आली. त्यांतली निम्मी एकट्या मायामी शहरात राहिली. शहरातल्या कामकऱ्यांची संख्या काही महिन्यांत सात टक्क्यांनी वाढली. आपल्या गणिताप्रमाणे मजुरी कोसळायला हवी होती. डेव्हिड कार्ड नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये आकडे मांडून दाखविले की तसे काही झाले नाही. पुढे २०२१ साली अशाच कामासाठी त्यांना नोबेल मिळाले. पण जॉर्ज बोर्हास, जे स्वतः लहानपणी क्युबाहून आलेले, त्यांनी तेच आकडे पुन्हा चाळले आणि म्हटले, सगळ्यांची मजुरी पडली नाही हे खरे, पण ज्यांनी शाळा अर्धवट सोडली होती त्यांची फार पडली. इतरांनी त्यांच्यावर आक्षेप घेतले की तुम्ही घेतलेला नमुना फार लहान आहे. हा वाद अजून मिटलेला नाही. पण पालकांनो, दोन्ही बाजूंचे ऐकून माझ्यासारख्या साध्या माणसाला एवढे कळते: फटका बसलाच तर कोणाला बसेल, याबद्दल फारसे दुमत नाही. ज्याच्या हातात फक्त दोन हात आहेत त्याला. ज्याला वेल्डिंग येते, वीजजोडणी येते, हिशेब येतो, त्याची जागा ट्रकभर माणसे आली तरी सहजी जात नाही. कित्येकदा उलट, त्या माणसांवर देखरेख करायला त्यालाच बोलावतात.

त्याच देशाची दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट बाजूची. मेक्सिकोतून शेतमजूर आणण्याची एक सरकारी योजना १९४२ पासून तेथे चालू होती. बाहेरचे गेले की आपल्या मजुरांचा भाव वाढेल, या हिशेबाने ती १९६४ मध्ये बंद केली. मायकेल क्लेमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जुने आकडे तपासले तेव्हा दिसले की मजुरी म्हणावी तशी वाढलीच नव्हती. शेतकऱ्यांनी टोमॅटो तोडायला यंत्रे आणली, आणि जी पिके यंत्राने निघत नाहीत ती कमी केली. आपल्याकडे धान कापायला हार्वेस्टर येऊ लागला आहे, तो ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मग मजुरी वाढते कशाने? पुष्कळदा ती एका रेघेने वाढते. सरकार जी किमान मजुरीची रेघ ओढते, तीच मी म्हणतो. आपल्या राज्यात रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. दुष्काळात सरकारी कामावर ठरलेली मजुरी मिळू लागली की मालकालाही त्याखाली जाणे अवघड होते. पण ती रेघ कोठे ओढायची? तेव्हा शेतमजुराला दिवसाला चार रुपये पुरेत असा सरकारी हिशेब होता. डॉ. अभय बंग यांनी तो हिशेब तपासला, त्यातल्या चुका दाखविल्या आणि मजुरी बारा रुपये असायला हवी असे सिद्ध केले. त्यानंतर दर वाढले. हेच डॉ. बंग पुढे १९८६ मध्ये गडचिरोलीत कामाला आले, हे आपण जाणताच. चार रुपयांच्या काळात काही बाहेरचे मजूर कमी-जास्त झाले नव्हते. कोणीतरी कागद घेऊन बसला आणि बेरीज-वजाबाकी नीट केली. शिकलेल्या माणसाकडून समाजाने काय मागावे, याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

फिरत्या मजुरांसाठीही देशात कायदा झाला, १९७९ मध्ये. ओडिशात 'दादन' म्हणून पद्धत होती: सरदार उचल देतो आणि माणसे लांबच्या कामावर नेतो. मी फळीवर पाहिली तीच. त्या कायद्याने ठेकेदाराला परवाना लागू केला, स्थानिक मजुराइतकीच मजुरी द्यावी असे बंधन घातले, प्रवासखर्च आणि विस्थापन भत्ता ठरवून दिला. कागदावर हा कायदा उत्तम होता. अंमल फार थोड्या ठिकाणी झाला. आता तो २०२० च्या नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. प्रवासखर्च तिच्यात आहे, विस्थापन भत्ता राहिला नाही. माझ्या मते हे चुकले. तो भत्ता मिळवून देणारे कोणी नव्हते हे खरे, पण म्हणून हक्कच पुसून टाकायचा हे काही बरोबर नाही.

काही मंडळी म्हणतील, सर, एवढे कशाला, स्थानिकांनाच नोकरी द्या म्हणजे झाले. राज्याचे धोरण तसे आहेच. ८० टक्के जागा स्थानिकांना, असा शासन निर्णय २००८ मध्येही पुन्हा निघाला. १५ वर्षे राज्यात राहिलेला माणूस त्यात स्थानिक ठरतो. मी त्याच्या विरोधात नाही. ज्या मातीतून लोखंड निघते त्या मातीतल्या पोराला पहिला हक्क असावा, विशेषतः ज्या आदिवासी गावांचे डोंगर गेले त्यांना. पण उरलेले २० टक्के उचलीवर आणि बिनकागदाचे राहिले, तर ८० टक्क्यांची मजुरी तेच ठरवितील. म्हणून कारखान्याच्या दारात आपण मागणी करू तेव्हा दोन्ही मागू या: आमच्या पोरांना घ्या, आणि झारखंडच्या पोरालाही हजेरीपत्रकावर घ्या. पहिली मागणी सगळेच करतात. दुसरी मी अजून कोणाच्या तोंडून ऐकली नाही.

येथे मी आपणांस आठवण देतो की आपण स्वतःच कोठेतरी बाहेरचे मजूर आहोत. आपली काही मुले आखातात आहेत. १९८३ च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे, दहावी न झालेल्या माणसाला आखातासारख्या ठराविक देशांत मजुरीला जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. दहावी झालेल्याला लागत नाही. ही मंजुरी त्रासदायक वाटते, पण ती आपल्या संरक्षणासाठी आहे. चुकवून जाऊ नका. त्या मजुरांसाठी आपले सरकार देशवार किमान पगाराचे आकडे ठरवून देते. सप्टेंबर २०२० मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, आखाती देशांसाठीचे ते आकडे ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले होते. आपला माणूस स्वस्त केला तर त्याच्या नोकऱ्या टिकतील, असा विचार त्यामागे होता. शेजारच्या तेलंगणातून, जेथून फार माणसे आखातात जातात, त्याला कडाडून विरोध झाला, आणि २०२१ मध्ये ते आकडे पूर्ववत करण्यात आले. बघा, तेथे दुबईच्या मजुराच्या दृष्टीने भाव पाडणारे बाहेरचे आपणच होतो.

आणि आखात दूरच राहिले, दर हिवाळ्यानंतर आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीची हजारो माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातातच की. खम्मम, वरंगळकडे. मुकादम येतो, जीप येते, घराला कुलूप लागते. मजुरी किलोवर, काही ठिकाणी रोख, काही ठिकाणी मिरचीच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हीच माणसे तेथे अडकली, आणि कितीतरी जण जंगलवाटांनी पायी परत आले. डोक्यावर गाठोडे, कडेवर पोर. छत्तीसगडकडची एक बारा वर्षांची मुलगी अशीच मिरचीच्या रानातून घरी चालत येताना वाटेत मरण पावली. बारा वर्षे म्हणजे सहावी-सातवी. ती शाळेत असायला हवी होती, मिरचीच्या ओळीत नव्हे. तिचे नाव वर्तमानपत्रांत आले होते. मी येथे घेत नाही, पण हजेरी घेताना ते मला आठवत असे.

म्हणून माझे पालकांना दोन-तीन गोष्टींचे मागणे आहे. मिरचीचा हंगाम आणि दहावीची परीक्षा एकाच वेळी येते. तुम्ही जा, पोट आहे, जावेच लागेल. पोरांना नेऊ नका. ज्यांच्या घरी मागे कोणी नाही त्यांच्या मुलांनी या वर्षीही वसतिगृहात राहावे, चिटणीसांशी माझे बोलणे झाले आहे, चार खोल्या मोकळ्या ठेवल्या आहेत. दुसरे, मुकादमाची उचल घेण्याआधी त्याचे नाव, फोन नंबर, गाव, किलोचा दर आणि परतीच्या भाड्याचे काय, एवढे लिहून घ्या. तेथे गेल्यावर रोजचे वजन रोज लिहा, आणि शेजारच्या ओळीत तोडणारा आंध्रचा असो वा बस्तरचा, त्याला त्याचा दर विचारा. त्याला तुमचा सांगा.

लिहिता येत नसेल त्यांच्यासाठी नववी-दहावीच्या मुलांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात बसायचे ठरविले आहे. दोनशे पानी वह्या आणल्या आहेत, प्रत्येक वहीत रकाने आखून झाले आहेत: तारीख, वजन, दर, उचल, बाकी. रकाने मी स्वतः आखले, तेंदूच्या फळीवर शिकलो तसेच. जास्तीच्या पुडक्यांसाठी तेव्हा रकाना नव्हता, या वहीत मी 'मोजले पण लिहिले नाही' असा एक ठेवला आहे. वही घ्यायला येताना आधारकार्डाची प्रत आणा, नसेल तर तसेच या.